काच वाकवणे (निर्वात साचा पद्धत)

सपाट काच मऊ होईपर्यंत तापवून तिला साच्याचा आकार देणे, आणि साच्यातली हवा ओढून काच त्याला घट्ट चिकटवणे. मोटारींच्या बाजूच्या व मागच्या काचा बहुतांशी या किंवा हिच्या जवळच्या पद्धतीने होतात.

साच्यावर काच बसवण्याच्या कलेचा उगम वादग्रस्त आहे. जुना पुरावा म्हणून भूमध्य प्रदेशातील काचेचे कंगोरेदार वाडगे दाखवले जातात. त्यांचा काळ साधारणतः इ.स.पू. पहिले ते इ.स. पहिले शतक असा धरतात. पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडू येथेही त्यांचे तुकडे सापडले आहेत. प्रचलित मतानुसार काचेची तापलेली चकती घुमटाकार साच्यावर खाली बसू देत. प्राचीन काचेच्या अभ्यासक रोझेमारी लिएर्के यांच्या मते मात्र हे वाडगे कुंभाराच्या चाकासारख्या फिरत्या साधनावर दाबून घडवले असावेत. या वाडग्यांच्या आत घासल्याच्या आडव्या रेघा दिसतात, तर बाहेरची बाजू आगीत आलेल्या झळाळीची असते. आतली बाजू साच्याला टेकून खडबडीत झाली, म्हणून ती घासावी लागली, हा अर्थ पहिल्या मताशी अधिक जुळतो. केवळ रेघांवरून फिरत्या साच्याचे अनुमान काढता येत नाही, कारण घासकामही फिरवूनच होत असे.

आधुनिक पद्धतीतही काच साच्याला टेकते तिथेच खरी अडचण असते. सोडा-चुना काचेला (नेहमीच्या सपाट काचेला) ठरावीक वितळबिंदू नाही. तापमान चढते तशी श्यानता (वाहण्याला होणारा विरोध) उतरते. सुमारे ५५० अंश सेल्सिअसला तिच्यातील ताण काही मिनिटांत निवळतात, ७२०-७३० अंशांना ती स्वतःच्या वजनाने ओघळू लागते. वाकवण्यासाठी बहुधा ६२० ते ६५० अंश पुरतात. याहून गरम काचेवर साच्याचे ठसे उमटतात. थंड काच वाकत नाही, आणि पुढे हवेच्या झोतात फुटण्याची भीती राहते.

भट्टीतून रुळांवरून आलेली काच वरचा बहिर्गोल साचा उचलतो. त्याच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे असतात व त्यातून हवा ओढली जाते. छिद्रांचे वळ काचेवर उठू नयेत म्हणून साच्यावर उष्णता सोसणारे काचतंतूंचे किंवा पोलादी तारांचे विणलेले कापड ताणलेले असते. कडा आधी दाबल्या जातात, मधला भाग ओढीने बसतो. ओढ सोडली की काच तिच्या कडांच्या आकाराच्या कड्यावर (वलयावर) येते आणि दोन्ही बाजूंच्या थंड हवेच्या झोतांखाली जाते. पृष्ठभाग आधी थिजतो, आतला भाग मागाहून आकसतो, म्हणून पृष्ठभाग शेवटी दाबाखाली राहतो. काच टफन्ड (कणखर) होते ती यामुळेच. त्यानंतर ती कापता येत नाही, म्हणून कापणे, भोके पाडणे व कडा घासणे भट्टीआधीच उरकतात.

समोरची काच दोन पातळ थरांची असते. अनेक ठिकाणी हे दोन्ही थर एकत्रच कड्यावर ठेवून, निर्वाताविना, गुरुत्वाकर्षणाने वाकवतात व मागाहून मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून जोडतात. महाराष्ट्रात चाकण येथे वाहनांच्या काचा तयार होतात.

२०१२ साली सोडलेल्या नूस्टार या क्ष-किरण दुर्बिणीचे आरसेही तापवून साच्यावर बसवलेल्या, सुमारे ०.२ मिमी. जाडीच्या काचेचे आहेत.