उष्टावणानंतर अडलेला काटा

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी घरांत बाळंतपणानंतरच्या वजनाविषयी एक तक्रार सतत कानावर येते. पहिल्या काही महिन्यांत वजन आपोआप उतरते, पुढे सकाळचे चालणे आणि जेवणातील थोडी काटछाट यांमुळे आणखी चार-पाच किलो कमी होते, आणि त्यानंतर मात्र तेच चालणे व तेच जेवण चालू असूनही काटा महिनोन्‌महिने एकाच आकड्यावर अडून राहतो. याचे खापर सहसा दोन गोष्टींवर फोडले जाते. एक तर ‘बाळंतपणाने चयापचयच बिघडले’ असे म्हटले जाते, किंवा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली असल्यास ‘ऑपरेशन केल्यापासून अंग धरले’ असे सांगितले जाते.

दुसऱ्या समजुतीचे उत्तर सोपे आहे. या शस्त्रक्रियेत केवळ बीजवाहिन्या बंद केल्या जातात. बीजांडकोश आणि त्यांची संप्रेरके पूर्वीप्रमाणेच काम करीत राहतात. शस्त्रक्रिया बहुधा शेवटच्या बाळंतपणाला लागूनच होत असल्यामुळे त्या काळात एरवीही वाढणारे वजन तिच्या नावावर जमा होते. चयापचयाबद्दल २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी सहा हजारांहून अधिक व्यक्तींच्या मोजमापांवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. शरीराचा आकार आणि घडण हिशेबात घेतली, तर विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळपास स्थिर राहतो, असे त्यातून दिसले. म्हणजे तिशीतल्या आईचे चयापचय एकाएकी मंदावत नाही. मग काटा का अडतो?

प्रसूतीच्या वेळी तीन किलोंच्या आसपासचे बाळ, वार आणि गर्भजल मिळून पाच-सहा किलो वजन एकदम उतरते आणि पुढच्या काही आठवड्यांत शरीरात साठलेले जास्तीचे पाणी निघून जाते. उरते ती चरबी. निसर्गाने ती दूध तयार करण्यासाठीच साठवलेली असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार, अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज ६०० आणि पुढच्या सहा महिन्यांत ५२० किलोकॅलरी जास्तीच्या लागतात. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, खारीक-खोबरे, भातावर सैल हाताने वाढलेले तूप हा आपल्याकडचा बाळंतिणीचा आहार त्या गरजेला धरूनच आहे, आणि त्याला सरसकट नावे ठेवणे मला योग्य वाटत नाही. प्रश्न तो किती दिवस चालतो याचा आहे.

सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण होते आणि बाळ वरणभात, नाचणीची खीर खाऊ लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून रोज सुमारे २००, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि दुसऱ्या वर्षात ५५० किलोकॅलरी मिळायला हव्यात. बाळ जितके वरचे खाते, तितकी त्याची दुधाची मागणी घटते आणि आईचा खर्चही त्याच मापाने उतरत जातो. हा बदल इतका हळूहळू होतो की तो कोणाच्या ध्यानात येत नाही. चाळीस ग्रॅमचा, तुपात वळलेला एक लाडू दोनशे किलोकॅलरींच्या आसपास जातो आणि एक चमचा तूप पंचेचाळीसच्या. त्यामुळे लाडवांचा डबा आणि तुपाची वाटी जागच्या जागी राहिली, तर दुधावाटे जाणारी ऊर्जा आता शरीरातच मुक्कामाला राहते. बाळाच्या ताटलीत उरलेला तूपभात टाकवत नाही म्हणून आईच्याच पोटात जातो. त्याचा हिशेब तर कोणीच ठेवत नाही. ‘पाजले की वजन उतरते’ हा भरवसाही पूर्णपणे खरा नाही, कारण दूध तयार होत असताना भूकही वाढते. या विषयावरील अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

ज्यांनी हे सारे सांभाळले, त्यांचाही काटा अडतो आणि त्याचे कारण अधिक खोलातले आहे. लहान शरीर चालवायला ऊर्जा कमी लागते, शिवाय चरबी घटली की लेप्टिन या संप्रेरकाची पातळी खाली येते आणि मेंदू त्याचा अर्थ उपासमार असा लावून भूक वाढवतो. लेप्टिनचा शोध १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लागला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली भुकेची ही वाढ मोजण्यासाठी एक नामी युक्ती वापरली. मधुमेहावरील एका औषधामुळे लघवीवाटे साखर बाहेर पडते, त्यामुळे रुग्णाच्या नकळत त्याच्या शरीरातून रोज ऊर्जा वजा होत राहते आणि त्याची भूक किती वाढली हे वजनाच्या आलेखावरून काढता येते. हिशेब असा निघाला की घटलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० किलोकॅलरींनी कमी होतो, पण भूक मात्र सुमारे १०० किलोकॅलरींनी वाढते. सत्तर किलोंवरून चौसष्टवर आलेल्या स्त्रीचा खर्च यानुसार रोज दीडशेच्या आसपास घटतो आणि तिची भूक सहाशेने वाढू पाहते. ती पूर्वीइतकेच खाते असे तिला प्रामाणिकपणे वाटत असते, पण घास थोडा मोठा झालेला असतो. इच्छाशक्तीवरून तिला बोल लावणाऱ्या नातेवाइकांनी हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत.

खर्चाच्या बाजूला आणखी एक चोरवाट आहे. व्यायाम वगळून दिवसभरात जी हालचाल होते, म्हणजे उठबस, जिना, झाडलोट, पाणी भरणे, ती व्यक्तीपरत्वे फार वेगळी असते. मेयो क्लिनिकमधील जेम्स लेव्हिन यांनी १९९९ साली १६ जणांना आठ आठवडे रोज एक हजार किलोकॅलरी जादा खाऊ घातल्या, तेव्हा कोणाची चरबी अर्ध्या किलोहूनही कमी वाढली तर कोणाची चार किलोंहून जास्त, आणि हा फरक मुख्यतः अशा नकळत हालचालींनी पडला होता. कमी खाणाऱ्या माणसाची हीच हालचाल त्याला न कळत मंदावते. निपाणीत विड्या वळणाऱ्या किंवा बेळगावच्या शहापूर-वडगावात घरी शिलाई करणाऱ्या स्त्रीचे काम कष्टाचे असले, तरी ते तासन्‌तास एका जागी बसून करायचे असते. साठ किलोंच्या व्यक्तीचे अर्ध्या तासाचे भरभर चालणे सव्वाशे किलोकॅलरींच्या आसपास भरते. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालून आल्यावर उरलेला दिवस बैठकीत गेला, तर त्या चालण्याचा बराचसा लाभ फिटून जातो.

मग करावे काय? आधी काटा खरोखरच अडला आहे का, हे पाहावे. यकृतात आणि स्नायूंत साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे साखरेच्या साठ्याबरोबर, सुमारे तीन ग्रॅम पाणी असते आणि पाळी परत सुरू झाली की महिन्याच्या महिन्याला पाण्यामुळे वजन किलोभर वरखाली होते. चार आठवड्यांची सरासरी हलत नसेल, तरच त्याला अडणे म्हणावे. गरोदरपणातील वजनांची नोंद तायी कार्डावर, म्हणजे कर्नाटकात गरोदर स्त्रीला मिळणाऱ्या आरोग्यनोंदीच्या कार्डावर, असते; ते कार्ड फेकून न देता आपण कुठून निघालो हे त्यावर पाहता येते.

त्यापुढे जेवण आणखी कापण्याकडे बहुतेकींचा कल असतो आणि मला तोच सर्वांत चुकीचा मार्ग वाटतो. घटलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही असतात, आणि उपास वाढवले की स्नायू अधिकच झिजतात. आपल्याकडे तर मुळातच स्नायू कमी आणि चरबी जास्त अशी घडण आढळते, पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ती अनेक वर्षे अभ्यासली आहे. म्हणून प्रथिने वाढवावीत आणि ताकदीचा व्यायाम करावा. स्त्रीची रोजची प्रथिनांची गरज सुमारे ४६ ग्रॅम असून पाजत असताना ती पहिल्या सहा महिन्यांत १७ ग्रॅमने आणि नंतर १३ ग्रॅमने वाढते. भात आणि भाकरीने भरलेल्या ताटात हुलग्याचे माडगे, मटकीची उसळ, पिठले, दही किंवा अंडी यांना जागा दिली, तर पोटही अधिक वेळ भरलेले राहते. ताकदीचा व्यायाम म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा बैठका, भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, इतके साधे असू शकते. मात्र शस्त्रक्रियेने प्रसूती झालेली असेल किंवा पोटाच्या मधल्या स्नायूंत फट राहिली असेल, तर पोटाचे व्यायाम डॉक्टरांना विचारूनच करावेत. स्नायू वाढून चरबी घटत असताना काटा जागचा हलत नाही, पण कंबर कमी होते. त्यामुळे टेपही जवळ ठेवावी. भारतीय स्त्रीसाठी ८० सेंटीमीटर ही कमरेची मर्यादा मानली जाते.

पाजत असलेल्या आईने रोजचे खाणे १८०० किलोकॅलरींच्या खाली नेऊ नये. आठवड्याला अर्धा किलो या गतीने वजन उतरले तरी बाळाच्या वाढीवर परिणाम झाला नाही, असे अमेरिकेतील शेरिल लव्हलेडी यांच्या २००० सालच्या अभ्यासात दिसले. त्याहून घाई करण्याचे कारण नाही. झोपेचा मुद्दा घरचे हसण्यावारी नेतात, पण मॅसॅच्युसेट्समधील मातांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाळ सहा महिन्यांचे असताना पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्या मातांमध्ये बाळाच्या पहिल्या वर्षाअखेरीस किमान पाच किलो वजन अंगावर राहण्याची शक्यता बरीच जास्त आढळली. रात्रीची एक पाळी सासूबाईंनी किंवा बाळाच्या वडिलांनी उचलणे हा म्हणून वजनाचाही उपाय आहे.

काही वेळा कारण तपासणीतच सापडते. प्रसूतीनंतरच्या वर्षात शंभरातील सुमारे पाच स्त्रियांच्या थायरॉइड ग्रंथीला सूज येते आणि पुष्कळदा तिचे काम काही काळ मंदावते. थकवा, बद्धकोष्ठता, थंडी न सोसणे अशी लक्षणे असतील तर रक्ताची साधी चाचणी करून घ्यावी. ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेणाऱ्या काही स्त्रियांचे वजन वाढते. ते परस्पर बंद न करता दुसरा पर्याय डॉक्टरांशी बोलून ठरवावा. गरोदरपणात साखर वाढलेली होती त्यांनी सहा आठवड्यांनी आणि त्यानंतर दर वर्षी साखर तपासावी, कारण पुढे मधुमेह होण्याचा धोका त्यांना इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. अमेरिकेतील मोठ्या मधुमेह प्रतिबंध चाचणीत वजन सात टक्क्यांनी उतरवण्याचे लक्ष्य होते, आणि आहार-व्यायामाने अशा स्त्रियांमधील मधुमेहाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. सत्तर किलोंच्या स्त्रीसाठी सात टक्के म्हणजे पाच किलोंहून थोडे कमी. चौसष्टवर अडलेल्या काट्याने तो टप्पा केव्हाच ओलांडलेला असतो.