घाऊक बाजार आवार : नियोजन आणि रचना (तुर्भे-वाशी)

शेतमाल मोठ्या लॉटमध्ये उतरतो, भाव ठरतो, मालकी बदलते आणि तोच माल लहान लॉट होऊन काही तासांत परत बाहेर पडतो, ह्या सगळ्यासाठी मुद्दाम आखलेली जागा म्हणजे घाऊक बाजार आवार. महाराष्ट्रातलं ह्याचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात जास्त चर्चा झालेलं उदाहरण म्हणजे मुंबई कृषि उत्पन्न बाजार समितीचं नवी मुंबईतलं आवार. ते बसलंय तुर्भ्यात पण सगळे म्हणतात वाशी मार्केट, किंवा नुसतं एपीएमसी. आत पाच बाजार आहेत, कांदा-बटाटा, मसाला, धान्य (दाणाबंदर), भाजीपाला आणि फळं. गाळ्यावर (व्यापाऱ्याच्या दुकानवजा जागेत) रोज काय चालतं, अडत्या (कमिशनवर माल विकून देणारा) कोण, मापाडी (माल मोजणारा) कोण, ह्या तपशिलात न शिरता पुढची नोंद मुख्यतः जागा, इमारत आणि वाहनं ह्यांच्याबद्दल आहे.

सुरुवात नेमकी कुठून धरायची

नियमन केलेल्या बाजाराची सुरुवात बहुतेक संदर्भग्रंथ वऱ्हाडातल्या कारंजापासून धरतात. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या (निजामाच्या राज्यातल्या इंग्रजांच्या प्रतिनिधी कार्यालयाच्या) हुकुमाने कारंजाचा कापूस बाजार नियमनाखाली आला असं सांगितलं जातं. दुसरं मत असं की तो एका गावापुरता हुकूम होता, खरी सुरुवात १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने झाली कारण तिथपासून एकाच नियमाखाली अनेक बाजार आणता आले. नंतर १९२७ चा मुंबई कापूस बाजार कायदा (नावाप्रमाणेच फक्त कापसाचा), १९२८ च्या शेतीविषयक रॉयल कमिशनची शिफारस, १९३९ चा मुंबई प्रांताचा शेतमाल बाजार कायदा आणि शेवटी महाराष्ट्राचा १९६३ चा अधिनियम, ज्याचे नियम १९६७ मध्ये आले. नियोजनाच्या दृष्टीने बघितलं तर १८९७ ची बाजू जास्त पटण्यासारखी वाटते. कारण बाजाराची हद्द ठरवायची, त्या हद्दीत व्यवहार करणाऱ्यांना परवाना लावायचा आणि देखरेखीला समिती बसवायची हा साचा तिथून पुढच्या सगळ्या कायद्यांत आला. हद्द आली की कुंपण आलं, कुंपण आलं की गेट आलं, आणि गेट आलं की गेटबाहेर रांग आली. आजच्या आवाराची निम्मी दुखणी ह्या रांगेशी जोडलेली आहेत.

१९६३ च्या कायद्यात बाजार क्षेत्र आणि बाजार आवार ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, लिहिताना लोक नेहमी त्यांची गल्लत करतात. क्षेत्र म्हणजे समितीचा अधिकार जिथपर्यंत चालतो तो प्रदेश (मुंबई समितीच्या बाबतीत बृहन्मुंबई आणि ठाणे-रायगड जिल्ह्यांतला काही भाग), आणि आवार म्हणजे त्यातली प्रत्यक्ष बांधलेली, कुंपणातली जागा. क्षेत्र केवढंही असलं तरी माल आवारातच आला पाहिजे असा कायद्याचा रोख असल्यामुळे एका आवारावर सगळ्या महानगराचा भार पडला. हे आर्किटेक्टच्या हातात नव्हतंच.

मुंबई समितीच्या जन्माची तारीख १५ जानेवारी १९७७ दिली जाते. पण तेव्हा तुर्भ्यात बाजार नव्हता. कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ च्या सुमारास आला, मसाला आणि धान्य साधारण १९९० नंतर दोनेक वर्षांत, भाजी आणि फळं १९९६ च्या आसपास. ही सालं संदर्भागणिक एखाद्या वर्षाने मागेपुढे होतात, बहुधा कुणी उद्घाटन धरतं, कुणी गाळेवाटप आणि कुणी जुनी जागा बंद झाल्याचा दिवस.

बाजार हलवला कशासाठी

ह्यावर दोन मतं आहेत. पहिलं सरळ आहे, गर्दी कमी करायला. क्रॉफर्ड मार्केट (महात्मा फुले मंडई) १८६९ चं, विल्यम इमर्सनच्या डिझाईनचं, बैलगाडी आणि हातगाडीच्या काळातलं. मस्जिद बंदर, दाणाबंदर, भायखळा ह्या भागात ट्रक शिरला की सगळा रस्ता ठप्प. स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९५९ मध्येच ठाणे खाडीवर पूल बांधून पलीकडे वाढ न्यावी असं सुचवलं होतं आणि पुढे धनंजयराव गाडगीळ समितीनेही पूर्वेकडच्या विस्ताराचं समर्थन केलं. दुसरं मत असं की बाजार हे नव्या शहरासाठी लावलेलं लोहचुंबक होतं. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता आणि इंजिनियर शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, मार्च १९७० मध्ये सिडको (हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ) स्थापन झाली, पण नुसती घरं बांधून शहर उभं राहत नाही, रोजगार लागतो. मंत्रालय काही हललं नाही, मग जे हलवता येईल ते हलवलं, पोलाद बाजार कळंबोलीला आणि शेतमाल तुर्भ्याला.

दुसऱ्या मताकडे जरा जास्त झुकायला कारण आहे. फक्त गर्दीच टाळायची असती तर शहरात शिरायच्या प्रत्येक वाटेवर एकेक मध्यम बाजार करता आला असता. सगळं एकाच जागी आणणं हे वाहतुकीच्या हिशोबापेक्षा शहर वसवायच्या हिशोबात बसतं. पुणे-सातारा बाजूने खंडाळा घाट उतरून पनवेलमार्गे येणाऱ्या मालाला तुर्भे एकदम सरळ पडतं, नाशिकचा कांदा कसारा घाट, भिवंडी करत ठाणे-बेलापूर रस्त्याने येतो तेही ठीक. पण वसई-पालघरची भाजी किंवा गुजरातकडून येणारा माल घोडबंदर-ठाणे असा वळसा घालून येतो आणि मग त्यातलाच बराचसा खाडीपूल ओलांडून उपनगरात परत जातो. पॅरिसने ले आल मधला बाजार १९६९ मध्ये रन्जिसला नेला, लंडनने कॉव्हेंट गार्डनचा १९७४ मध्ये नाईन एल्म्सला आणि चेन्नईने कोत्तवाल चावडीचा १९९६ मध्ये कोयंबेडूला. म्हणजे शहराच्या पोटातला बाजार कडेला नेणं ही त्या काळातली सगळीकडची रीत होती, पण मध्ये खाडी आणि मोजके पूल ही अडचण आपल्याकडेच जास्त.

व्यापारी लगेच खूश होऊन गेले असं अजिबात नाही. पहिल्या आणि शेवटच्या बाजारात पंधराएक वर्षांचं अंतर पडलं त्यातच विरोध दिसतो. कांदा-बटाटा आधी जाऊ शकला ह्याचं एक कारण तो टिकाऊ माल आहे हे असावं, पालेभाजीवाल्याला मात्र दादर-भायखळ्याच्या किरकोळ विक्रेत्यापासून लांब जाणं म्हणजे सकाळ हातची जाणं. दादर आणि भायखळ्याला पहाटेचा भाजीबाजार आजही भरतोच. माथाडींचा (डोक्या-पाठीवरून माल वाहणाऱ्या कामगारांचा) प्रश्न वेगळा, बहुतेक सातारा, सांगली, जुन्नर-आंबेगावकडचे कामगार मुंबईतल्या खोल्यांत राहत होते आणि वाशीपर्यंत लोकल पोचली १९९२ मध्ये. १९६९ चा माथाडी कायदा आणि त्यामागची अण्णासाहेब पाटलांची चळवळ ह्यामुळे कामगारांची ताकद संघटित होती, त्यामुळे कोपरखैरणे-घणसोलीत माथाडींच्या वसाहती झाल्या. बाजाराच्या नियोजनात कामगारांची घरं हा भाग धरलाच पाहिजे हा धडा इथे मिळतो, बऱ्याच आराखड्यांत तो नसतो.

क्षमतेचा हिशोब

घाऊक बाजार किती मोठा हवा हे लोक टनांत सांगतात, पण नियोजनाला टनांपेक्षा तास जास्त लागतात. दिवसाची आवक चोवीस तासांत सारखी पसरलेली नसते, भाजीच्या गाड्या रात्रीतून येतात आणि उजाडेपर्यंत मुख्य व्यवहार उरकतो. समजा (हा फक्त नमुना, तुर्भ्याचा आकडा नाही) सहा तासांत ६०० गाड्या आल्या आणि प्रत्येक गाडी उतरवून हलायला दोन तास लागले, तर एका वेळी २०० गाड्या उभ्या राहायची सोय पाहिजे. आता हमाल कमी पडले, पावती अडकली किंवा पाऊस लागला आणि दोनाचे अडीच तास झाले, तर २५० जागा लागतात. ट्रकची रुंदी अडीच मीटर, बाजूने माणूस डोक्यावर पाटी घेऊन निघायचा म्हणून जागा साडेतीन मीटरची धरली तर २५० गाड्यांना ८७५ मीटर लांब धक्का पाहिजे, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर. ही झाली नुसती आवक. जावकीचे टेम्पो, पिकअप, रिक्षा त्याच वेळी आत घुसतात आणि त्यांची संख्या ट्रकपेक्षा कितीतरी जास्त असते कारण एका ट्रकचा माल दहा ठिकाणी फुटतो. म्हणून चांगल्या आराखड्यात आवक गाळ्याच्या एका बाजूने आणि जावक दुसऱ्या बाजूने ठेवतात. नियम साधा आहे पण पाळला जात नाही, कारण मागची बाजू गाळेवाल्याला गोडाऊन म्हणून हवीशी वाटते आणि वर्षभरात तिथे क्रेटची थप्पी उभी राहते.

हंगाम धरला तर हिशोब अजून बिघडतो. एप्रिल-मे मध्ये हापूसच्या पेट्या रोज लाखाच्या घरात जातात आणि तोच फळबाजार जुलैत निवांत असतो. हंगामाच्या शिखराप्रमाणे बांधलं तर आठ महिने जागा पडून, सरासरीप्रमाणे बांधलं तर दोन महिने पेट्या रस्त्यावर. बहुतेक ठिकाणी मधला मार्ग म्हणजे मोकळी छपराची जागा सोडणं, आणि ती जागा मोकळी टिकवणं हे कुठल्याही समितीला फारसं जमत नाही.

गाळा, ओटा, छप्पर

गाळ्याची दर्शनी बाजू म्हणजे खरी दौलत. सगळ्यांना रस्त्यावर तोंड पाहिजे, म्हणून गाळे अरुंद आणि खोल होतात आणि त्यांच्या लांब रांगा लागतात. समोर ओटा, त्यावर माल, मागे साठवण, वर माळ्यावर पेढी, हा साचा जुन्या मस्जिद बंदरच्या दुकानाचाच आहे, फक्त काँक्रिटमध्ये. ओट्याच्या उंचीवरून नेहमी वाद होतो. ट्रकच्या फाळक्याशी (मागच्या झडपेशी) जुळवायचं तर सव्वा मीटरच्या आसपास हवी, पण टेम्पोचा हौदा त्याहून खाली असतो आणि डोक्यावर गोणी घेतलेल्या माणसाला इतकी चढउतर परवडत नाही. पाश्चात्त्य डिझाईनमध्ये उंच धक्का येतो कारण तिथे फोर्कलिफ्ट आणि पॅलेट आहे. आपल्याकडे पाठ आणि डोकं आहे, म्हणून बुटका ओटा किंवा उतार बरा असं प्रत्यक्ष काम बघितलेले लोक सांगतात आणि ते बरोबरही आहे. गोणी ५० किलोपेक्षा जड नको ह्या माथाडींच्या मागणीचाही रचनेशी संबंध आहे. गोणी लहान झाली की थप्पी, जिना, वाट सगळ्याची मापं बदलतात.

जमीन इथे मुळात खाडीकाठची, खाजणाची. भरती आणि मोठा पाऊस एकत्र आले तर पाणी बाहेर जात नाही, म्हणून सिडकोने ह्या पट्ट्यात धारण तलाव (पावसाचं पाणी तात्पुरतं साठवणारे) आणि भरतीला आपोआप मिटणारी दारं अशी पद्धत वापरली. पण तलावापर्यंत पाणी पोचायला आवारातली गटारं मोकळी पाहिजेत आणि भाजीबाजाराची गटारं कोबीच्या पाल्याने आधी भरतात. म्हणून भाजीच्या बाजारात बंद गटारापेक्षा वरून जाळी उचलता येईल असं उथळ गटार, आणि फरशीला शंभराला एक एवढा तरी उतार, हे मोठ्या छपरापेक्षा महत्त्वाचं असतं. छपराबद्दल थोडक्यात, पालेभाजीला सावली आणि वारा हवा, कांद्याला कोरडेपणा आणि आरपार हवा, मसाल्याला बंद कोरडी खोली, धान्याला उंदीर-पाखरापासून बचाव. पाचही बाजार एकाच नकाशाचे करायचा मोह टाळावा.

फळांत अजून एक भाग वाढलाय तो रायपनिंग चेंबरचा (फळं पिकवायच्या खोल्यांचा). कार्बाइडने फळ पिकवायला बंदी आहे, इथिलीन वायू मर्यादेत (१०० पीपीएमपर्यंत) चालतो, त्यामुळे गाळ्यातच बंद, थंड, विजेवर चालणाऱ्या खोल्या लागतात आणि जुन्या वायरिंगवर त्याचा भार येतो. वाशीत २००० पासून मसाल्यांसाठी विकिरण प्रकल्पही (किरणांनी जंतू मारायचा) आहे, पण तो अणुऊर्जा विभागाचा, बाजार समितीचा नाही.

सध्याची स्थिती

कांदा-बटाटा बाजाराच्या इमारती सगळ्यात जुन्या आणि महापालिकेच्या यादीत त्या अतिधोकादायक म्हणून बरीच वर्षं लागतायत. स्लॅबचं प्लास्टर पडतं, टेकू लावून व्यवहार चालू राहतो. पुनर्बांधणी अडण्याचं कारण पैशापेक्षा ‘मधल्या काळात बसायचं कुठे’ हे जास्त आहे. चालू बाजार एक दिवसही बंद ठेवता येत नाही आणि पर्यायी जागेत गेलेला गाळेवाला आपली दर्शनी बाजू परत मिळेल का ह्या शंकेत असतो. मे २०२० मध्ये कोरोनामुळे ११ ते १७ तारखेपर्यंत आवार बंद ठेवलं गेलं. गर्दी विरळ करायची म्हटलं तर ह्या आखणीत जागाच नाही हे तेव्हा उघड दिसलं, कारण दोन रांगांमधली वाट हीच उतरवायची, बोली लावायची आणि भरायची जागा आहे.

जुलै २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि अडत (अडत्याचं कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली. त्यानंतर माल थेट मॉलवाल्यांच्या आणि ऑनलाइन किराणावाल्यांच्या गोदामात जायला कायद्याची अडकाठी राहिली नाही. म्हणून नव्या बांधकामात गाळे कमी आणि प्रतवारी, पॅकिंग, शीतगृह जास्त असावं असं एक मत आहे. गाळेधारक संघटनांचं मत अर्थातच उलटं.

ठाणे शहराला स्वतःचं एवढं आवार नाही, जांभळी नाक्याच्या मंडईतला बराच माल वाशीहूनच येतो. कल्याणची बाजार समिती स्वतंत्र आहे, तिथे भाजी आणि फुलांचा व्यवहार होतो.