नाशिकच्या रस्त्यांवरची झाडं: वडाच्या फांदीपासून पेव्हर ब्लॉकपर्यंत

पंचवटी हे नाव पाच वडांवरून पडलं, असं परंपरा सांगते. रस्त्याकडेला वड लावण्याची रीतही जुनीच. माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून वाटेवर वड लावल्याची नोंद अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात आहे. बैलगाडीच्या काळात हिशेब साधा होता: सावली नसेल तर बैल दुपारी चालत नाही. म्हणून वड, चिंच, आंबा, कडुनिंब. वडाला तर रोपही लागत नसे. मनगटापेक्षा जाड, पुरुषभर उंचीची फांदी पावसाच्या तोंडावर रोवली की ती मुळं धरते आणि तिचा शेंडा शेळीच्या तोंडाला लागत नाही.

१९५० मध्ये कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला आणि झाडं मोजली जाऊ लागली. मोजायची म्हटल्यावर लवकर वाढणारी हवीत. मग गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष, गिरीपुष्प, सुबाभूळ. वाढ झटपट, पण लाकूड ठिसूळ. मे-जूनच्या वळवाच्या वादळात आधी कोसळतो तो बहुधा गुलमोहर. (दोष सगळा त्याचा नसतो. केबलच्या चरासाठी एका बाजूची मुळं तोडली की कुठलंही झाड त्याच बाजूने सैल होतं.)

झाडं तोडण्यावर वचक आला तो १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष जतन कायद्याने. १९८२ मध्ये नाशिकची महानगरपालिका झाली, शहर सातपूर-अंबडकडे पसरलं, रस्ते रुंद झाले. गंगापूर रोडसारख्या रस्त्यांवर कडेचे जुने वृक्ष डांबरात आले. त्यांना रिफ्लेक्टर लावायचे, हलवायचे की तोडायचे, हा वाद त्यातूनच उभा राहिला.

याच वृक्ष जतन कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी रोपं लावण्याचं बंधन घातलं. ऐकायला भरघोस वाटतं. आता आकडे मांडून पाहा. फांद्यांचा पसारा २० मीटर व्यासाचा असलेल्या वडाखाली सुमारे ३१४ चौरस मीटर सावली पडते. तो ८० वर्षांचा असेल, तर बदली ८० रोपं. मीटरभर व्यासाच्या पसाऱ्याच्या अशा ८० रोपांची सावली मिळून ६३ चौरस मीटरही भरत नाही, आणि तीही सगळी जगली तर. २०२५ मध्ये कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामासाठी, म्हणजे साधुग्रामसाठी, तपोवनातली झाडं तोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले. त्या विरोधामागे हेच साधं गणित होतं.

सावलीमुळे डांबर तापत नाही हा एक भाग. पानांतून बाष्प बाहेर पडताना आसपासची उष्णता खर्च होते, हा दुसरा. पण त्यासाठी मुळांना पाणी मिळालं पाहिजे, आणि आपण ते नेमकं बुंध्याशीच बंद करतो. पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडवले की पावसाचं पाणी गटारात जातं आणि मुळं हवेसाठी वर येऊन फरशी उचकटतात. मग त्याच मुळांवर कुऱ्हाड. दिल्लीतल्या झाडांभोवतीचं मीटरभर काँक्रीट काढा, असा आदेश हरित लवादाने २०१३ मध्येच दिला होता.

नव्या लागवडीत खरा घोळ खड्ड्यातच होतो. नाशिकमध्ये बऱ्याच ठिकाणी थोडं खणलं की मुरूम लागतो. दीड फुटाचा खड्डा मारून रोप खोचलं, तर ते कुंडीतच लावल्यासारखं होतं: मुळं गोल फिरतात, आणि सात-आठ वर्षांनी झाड वाऱ्यात मुळासकट उपटून येतं. खड्डा मीटर बाय मीटर, खोलीही तेवढीच. कडा पहारीने फोडून खडबडीत करायच्या. माती, तिच्या चौथा हिस्सा कुजलेलं शेणखत, थोडी निंबोळी पेंड. पिशवी पूर्ण फाडून काढायची, गुंडाळलेली मुळं कापायची आणि जिथून मुळं फुटतात तो भाग जमिनीच्या पातळीलाच ठेवायचा. खोल पुरला तर खोड कुजतं. वीजतारांखाली बहावा, कांचन, ताम्हण. वड-पिंपळाला उद्यान किंवा मोकळा चौक.

लागवड जुलैत, जमीन चांगली भिजल्यावर. पाऊस थांबला की आळं करून त्यावर पालापाचोळा, आणि उन्हाळ्यात आठवड्याला २०-३० लिटर पाणी, सलग तीन उन्हाळे. तिसऱ्या वर्षी ट्री गार्ड कापून काढायचा. तो तसाच राहिला की लोखंडी पट्टी सालीत रुतते, आणि मग खोडाला जखम केल्याशिवाय ती निघत नाही.