कटावीची माशी

टांझानियाच्या पश्चिम भागात, टांगानिका सरोवराच्या पूर्वेला कटावी राष्ट्रीय उद्यान आहे. विस्तार सुमारे 4,471 चौरस किलोमीटर, पण सेरेंगेटीच्या मानाने पर्यटक अगदीच मोजके, कारण इथवर पोचणंच अवघड. पाऊस संपला की कटुमा नदी आटत जाते आणि उरल्यासुरल्या डबक्यांत शेकडो पाणघोडे अंगाला अंग घासत चिखलात पडून राहतात. सफारीवाले येतात ते हे बघायला. पण जीप मिओम्बोच्या झाडीत शिरली की आधी गाठ पडते त्सेत्से माशीशी.

घरमाशीहून जराशी मोठी, तपकिरी रंगाची ही माशी बसली की पंख कात्रीच्या पात्यांसारखे एकावर एक मिटून घेते. सोंड सरळ पुढे काढलेली असते आणि ती जाड सुती पँटमधूनही आत घुसते. डासांमध्ये फक्त मादी रक्त पिते. इथे नर आणि मादी दोघेही पितात, आणि रक्ताशिवाय दुसरं काही खातही नाहीत. मोठी, गडद, हलणारी वस्तू दिसली की जनावर समजून ती मागे लागते, म्हणून धावत्या जीपचाही पाठलाग होतो. निळा आणि काळा हे तिचे लाडके रंग. तिला मारण्यासाठी झाडांना टांगलेली औषध लावलेली कापडंही याच रंगांची असतात, तेव्हा जीन्स घरीच ठेवलेली बरी. काही चालक गाडीमागे डब्यात हत्तीचं वाळलेलं शेण धुमसत ठेवतात. त्याने माश्या किती पळतात कोण जाणे, मागच्या सीटवरचे मात्र खोकून बेजार होतात.

याच कटावीत अनेक वर्षं काम केलेले प्राणिशास्त्रज्ञ टिम कॅरो यांनी झेब्र्याच्या पट्ट्यांचं कोडं चावऱ्या माश्यांशी जोडलं. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गटाच्या प्रयोगात इंग्लंडमधल्या घोड्यांना पट्टेरी झुली घातल्या होत्या. माश्या जवळ आल्या, पण पट्ट्यांवर त्यांना नीट उतरता येईना. घोड्यांचं डोकं उघडं होतं, तिथे त्या नेहमीसारख्याच बसल्या.

त्सेत्सेची वीण तर विलक्षणच. ती अंड्यांचा सडा घालत नाही. एका वेळी एकच अळी पोटात वाढवते, तिला दुधासारखा स्राव पाजते आणि पूर्ण वाढ झाली की मातीत सोडते. इतकी कमी पिल्लं असल्यामुळे थोड्या जास्त माश्या मेल्या तरी त्यांची संख्या कोसळते. झांझिबारच्या उंगुजा बेटावर किरणोत्साराने वांझ केलेले नर सोडून 1990च्या दशकात ती नाहीशी करण्यात आली. मुख्य भूमीवर माश्या शेजारच्या झाडीतून पुन्हा येत राहतात, तिथे हे काम फार कठीण.

हा सगळा खटाटोप ट्रिपॅनोसोमा या परजीवीमुळे. माशीतून तो गुरांच्या रक्तात गेला की नागाना होतो, जनावर खंगत मरतं. रानम्हशी आणि हरणं तोच परजीवी अंगात बाळगून धडधाकट फिरतात. त्यामुळे त्सेत्सेच्या पट्ट्यात गुराख्यांना गुरं नेता आली नाहीत आणि रान बरंचसं रानच राहिलं. या माशीला रानाची राखणदार म्हणणं सोपं आहे, पण ज्याचे बैल मेले त्याला ते पटणार नाही. ब्रिटिश अमदानीत दक्षिण ऱ्होडेशियात (आजच्या झिम्बाब्वेत) तर माशीचं अन्न तोडायचं म्हणून लाखो वन्य प्राणी गोळ्या घालून मारले गेले.

माणसाच्या रक्तातलं एपीओएल1 हे प्रथिन यातल्या बहुतेक परजीवींना मारून टाकतं. आपल्याकडे त्सेत्से नाही, पण टॅबॅनस या चावऱ्या माश्यांमुळे गुरांना होणारा सर्रा याच कुळातला रोग, आणि तो माणसाला सहसा होत नाही. 2004 मध्ये मात्र चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात सर्राचे परजीवी सापडले. पुढच्या तपासणीत कळलं, की जनुकीय दोषामुळे त्याच्या रक्तात हे प्रथिनच नव्हतं. सुरामिन देऊन त्याला बरं केलं गेलं.

पूर्व आफ्रिकेतला ट्रिपॅनोसोमाचा ऱ्होडेसिएन्स हा प्रकार या प्रथिनालाही पुरून उरतो आणि निद्रारोग घडवतो. पर्यटकांना तो क्वचितच होतो, पण लस नाही आणि उपचाराविना रोग जीव घेतो. परतल्यावर ताप आला किंवा चाव्याच्या जागी दुखरी गाठ उठली, तर पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांना आधी मलेरिया नाहीतर डेंगीच आठवणार. कुठे फिरून आलो ते त्यांना आपणहून सांगावं. मलेरियासाठी काचपट्टीवर घेतलेल्या रक्तातच, शोधणाऱ्याला माहीत असेल तर, हे परजीवीही दिसू शकतात.