पेन्सिलीची गोष्ट आणि रॉकेलची ज्योत

सोसायटीच्या ग्रुपवर परवा ती गोष्ट पुन्हा फिरत आली. अंतराळात लिहायला अमेरिकेने लाखो डॉलर खर्चून पेन बनवलं, रशियाने मात्र पेन्सिल वापरली! खाली टाळ्यांची रांग. गोष्ट खोटी आहे. ते पेन पॉल फिशर यांच्या कंपनीने स्वतःच्या पैशाने बनवलं, नासाने 2 डॉलर 39 सेंट दराने 400 पेनं विकत घेतली आणि 1969 साली सोव्हिएत संघानेही तीच मागवली. पेन्सिलीचं तुटकं टोक यानात तरंगत विजेच्या उपकरणांत शिरलेलं दोघांनाही परवडणारं नव्हतं.

पण मला जास्त खटकतं ते तात्पर्य: पैसेवाला मूर्ख, काटकसरी शहाणा. मंगळयान हॉलिवूडच्या सिनेमापेक्षा स्वस्त पडलं, तेव्हापासून आपल्याकडे हा सूर फारच चढलाय. मंगळयानात माणूस नव्हता, हे कुणी बोलत नाही.

चंद्राच्या शर्यतीत काटकसर हरली, आणि तीही एका ज्योतीपायी.

अमेरिकेच्या चांद्रवीरांना नेणाऱ्या सॅटर्न-5 रॉकेटच्या तळाशी पाच एफ-1 इंजिनं होती. इंधन म्हणजे आपलं स्टोचं रॉकेलच, जास्त शुद्ध केलेलं. जोडीला द्रव ऑक्सिजन. एकेक इंजिन सेकंदाला अडीच टन गिळायचं. मीटरभर रुंद तबकडीच्या भोकांतून दोन्ही द्रवांच्या धारा सुटतात, आपटून तुषार होतात आणि पेटतात.

हे जळणं कधीच एकसारखं नसतं. कुठेतरी दाब किंचित वाढतो. ती दाबाची लाट, म्हणजे खरं तर आवाजच, भिंतीवर आपटून परतते. जिथे दाब जास्त तिथे तुषार भराभर जळतात आणि तिथली जादा उष्णता लाटेला आणखी फुगवते. झोका मागे आला की नेमका रेटा द्यावा, तसं; फक्त हा झोका सेकंदाला शेकडो वेळा हलतो. लॉर्ड रॅले यांनी एकोणिसाव्या शतकातच नियम सांगून ठेवला होता: उष्णता दाबाच्या शिखरावर मिळाली तर कंप वाढतो, तळाशी मिळाली तर मावळतो. म्हणजे सगळा खेळ दाब आणि उष्णता यांच्या चढउतारांची वेळ जुळते की नाही याचा. लाट ज्वलनकक्षात गोल फिरायला लागली की भिंतीलगतचा थंड वायूचा पापुद्रा खरवडून निघतो आणि धातू वितळतो. जून 1962 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर चाचणीत एक अख्खं इंजिन असंच गेलं.

गणिताने उत्तर मिळेना, संगणकांचा तेवढा आवाका नव्हता. मग चालू इंजिनात छोटा बॉम्ब फोडायचा, मुद्दाम लाट उठवायची आणि ती विझते का पाहायचं. तबकडीवर तांब्याच्या आडभिंती घालून 13 कप्पे केले. भोकांचे व्यास बदलले, धारांचे कोन बदलले. पूर्ण आकाराच्या सुमारे 2000 चाचण्या झाल्या, तेव्हा कुठे लाट दशांश सेकंदात विझू लागली. 1966 साली अमेरिकेच्या केंद्रीय खर्चातले चार टक्क्यांहून जास्त पैसे नासाकडे जात होते. त्यातले काही असे जमिनीवरच जाळले गेले. विज्ञानप्रेम वगैरे सोडा. रशियाच्या आधी पोचायचं, हे राष्ट्राध्यक्ष केनेडींनी नासाप्रमुख जेम्स वेब यांना बैठकीत स्पष्ट सुनावल्याचं ध्वनिमुद्रण आहे.

तिकडे रशियात हीच ज्योत रॉकेट इंजिनं बनवणाऱ्या ग्लुश्को यांनाही छळत होती. रॉकेल-ऑक्सिजनवर एवढा मोठा कक्ष नको, विषारी पण आपोआप पेटणारी इंधनं घ्या, हा त्यांचा हट्ट. सोव्हिएत रॉकेटांचे मुख्य रचनाकार कोरोल्योव्ह यांना ते विष नको होतं. बिनसलं. कोरोल्योव्ह विमानांची इंजिनं करणाऱ्या कुझनेत्सोव्ह यांच्याकडे गेले आणि त्यांच्या चंद्रासाठीच्या एन-1 रॉकेटच्या तळाशी 30 लहान इंजिनं आली. त्यांच्या काही झडपा एकदाच वापरता येणाऱ्या, म्हणून जे उडणार ते इंजिन आधी पेटवून बघताच येत नसे. सहांतली दोन पेटवायची, ठीक निघाली तर उरलेली चार रॉकेटला. शितावरून भाताची परीक्षा! तीसही इंजिनं एकत्र पेटवून बघायचं चाचणी-स्थानक तर पैसा आणि वेळ वाचवायला बांधलंच नाही.

3 जुलै 1969 ला एन-1 उडालं, एक ऑक्सिजन पंप फुटला, नियंत्रण यंत्रणेने जवळपास सगळी इंजिनं बंद केली आणि इंधनाने भरलेलं रॉकेट स्वतःच्याच तळावर कोसळलं. 13 दिवसांनी अपोलो-11 निघालं. एन-1 ची चारही उड्डाणं फसली, 1974 मध्ये काम थांबलं. उरलेल्या टाक्या कापून बायकोनूरच्या प्रक्षेपण केंद्रात त्यांची छपरं केली.