एका कानाला इम्प्लांट, दुसऱ्याला मशीन: ही जोडी जमली कशी?

काही घरांत रात्री उशाशी दोन डब्या असतात. एकीत कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवून श्रवण-नसेला थेट वीज देणाऱ्या साधनाचा, कानाबाहेरचा प्रोसेसर; दुसरीत दुसऱ्या कानाचं मशीन, म्हणजे साधं श्रवणयंत्र. बॅटऱ्या वेगळ्या, आवाजाची जात वेगळी. ‘दोन्ही कानांना एकच काहीतरी का नाही बसवत?’ असं पाहुणे हमखास विचारतात.

दोघांत मशीन थोरलं. विजेवर चालणारं श्रवणयंत्र १९व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत आलं, तेव्हा ते टेबलावर ठेवावं लागे. १९५२ च्या अखेरीस त्यात ट्रान्झिस्टर आला आणि यंत्र आकसत कानामागे गेलं. काम मात्र तेच राहिलं: आवाज मोठा करणं. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशीच मेल्या असतील, तर तो मोठा आवाज घेणार कोण?

या पेशींना वगळून थेट श्रवण-नसेला वीज देण्याचा प्रयोग १९५७ मध्ये पॅरिसमध्ये आंद्रे जूर्नो आणि शार्ल एरिएस यांनी केला. रुग्णाला आवाजाची चाहूल लागली, बोलणं काही उमगेना. लॉस एंजेलिसचे विल्यम हाऊस यांनी १९६१ पासून हेच पुढे नेलं. त्यांच्या एकाच चॅनलच्या, म्हणजे नसेकडे वीज नेणारी एकच वाट असलेल्या इम्प्लांटला अमेरिकेत १९८४ मध्ये मान्यता मिळाली. दाराची बेल कळायची, बोलण्याचा ठेका कळायचा. शब्दांसाठी ओठांकडेच बघावं लागे.

मेलबर्नचे कानाचे सर्जन ग्रॅम क्लार्क यांचे वडील औषधविक्रेते होते आणि त्यांना कमी ऐकू येई. शब्द कळायला अनेक इलेक्ट्रोड, म्हणजे वीज देणारे बिंदू हवेत; पण त्यांची तार कॉक्लियाच्या, म्हणजे आतल्या कानातल्या गुंडाळलेल्या नळीच्या, वेटोळ्यात सरकवायची कशी, हे क्लार्कना सुचेना. सुट्टीत समुद्रकिनारी त्यांनी शंखात गवताचं पातं घालून पाहिलं. टोकाला लवचीक आणि बुडाशी ताठ असलेलं पातं अलगद आत वळत गेलं. १ ऑगस्ट १९७८ रोजी त्यांनी अपघातात बहिरे झालेल्या रॉड साँडर्स यांच्यावर शस्त्रक्रिया केली. व्हिएन्नात इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर यांचं अनेक चॅनलचं इम्प्लांट त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर १९७७ मध्ये बसलं होतं. पुढे ब्लेक विल्सन यांच्या चमूने १९९१ मध्ये इलेक्ट्रोडना आळीपाळीने झपाट्याने स्पंदनं देण्याची पद्धत मांडली. मग कित्येकांना ओठ न बघताही बोलणं समजू लागलं.

आपली जोडी जमली ती यानंतर. सुरुवातीला इम्प्लांट फक्त ठार बहिऱ्यांसाठी होतं. निकाल सुधारले तसे थोडं ऐकू येणाऱ्यांनाही, त्यांच्या जास्त खराब कानाला, ते बसवलं जाऊ लागलं. मग दुसऱ्या कानाचं मशीन ठेवायचं की काढायचं? मेंदूचा गोंधळ होईल, अशी धास्ती होती. प्रत्यक्षात दोघांची कामं वेगळी निघाली. उरलेली श्रवणशक्ती बहुधा खालच्या पट्टीची असते. मशीन तीच जोपासतं. बोलणाऱ्याचा स्वर, तबल्यातला डग्गा तिथून येतो. ‘साप’ की ‘शाप’ हे इम्प्लांट सांगतं. सूर मात्र त्याच्या हाती नीट लागत नाही. एका नामांकित बनावटीत तर कॉक्लियाच्या साऱ्या पट्ट्यांसाठी जेमतेम २२ इलेक्ट्रोड असतात. म्हणून गाणं ऐकताना जुनं मशीन काढून ठेवणं हा तोट्याचा सौदा, असं माझं मत.

भारतात २०१४ पासून केंद्राच्या ‘ॲडिप’ या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेत लहान मुलांच्या इम्प्लांटसाठी मदतीची सोय झाली; तेव्हा तिची मर्यादा ६ लाख रुपये होती. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था तिचं काम पाहते. शस्त्रक्रिया एकाच कानाची झाली की दुसऱ्यासाठी मशीन उरतंच. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांची असली, तर मोबाइलचा आवाज दोघांत एकदम सोडता येईलच असं नाही. मग फोन वाजला की आधी तो कुठल्या कानाला लावायचा, हे ठरवावं लागतं.