बालवाडीच्या व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून येण्यासाठी: पात्रता, कागदपत्रे आणि नोंदणी

नागपुरातील अनेक बालवाड्या वस्तीतल्याच लोकांनी उभ्या केलेल्या नोंदणीकृत संस्था चालवतात, आणि त्यांचा कारभार पाहणारी कार्यकारिणी विनावेतन काम करते. पालकांना या समितीवर येण्याविषयी विचारले की "आम्हाला त्यातले काय कळते?" हेच उत्तर बहुधा मिळते. पावतीपुस्तक तपासणे, फाटलेल्या सतरंज्या बदलणे, मेच्या उन्हाआधी कूलरची दुरुस्ती करून घेणे ही कामे घर चालवणाऱ्या कोणालाही कळतात, आणि ज्याचे मूल त्या सतरंजीवर बसते त्याला ती अधिक कळतात.

आधी एक गैरसमज दूर करावा लागेल. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. मात्र ती तरतूद प्राथमिक शाळांसाठी आहे. अंगणवाडीही एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून चालते, म्हणून तिची व्यवस्था वेगळी आहे. संस्थेच्या बालवाडीत मूल शिकते एवढ्यावरून पालक आपोआप समितीवर येत नाही. त्याला प्रथम संस्थेचे सभासद व्हावे लागते.

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० प्रमाणे नियमानुसार प्रवेश घेऊन वर्गणी भरलेली किंवा सभासद नोंदवहीत सही केलेली व्यक्ती सभासद ठरते, आणि वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली तर तिला मतदान करता येत नाही. म्हणून अर्ज दिल्यावर पावती घ्यावी आणि नोंदवहीत आपले नाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहून सही करावी. किती काळ सभासद असल्यावर निवडणूक लढवता येते, सभेची सूचना किती दिवस आधी द्यावी लागते, गणपूर्ती म्हणजे सभेतली किमान उपस्थिती किती हवी, हे प्रत्येक संस्थेच्या नियमावलीत असते. तिची प्रत मागण्यात संकोच करू नये. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्या प्रवेशाच्या गर्दीतच सभासदत्वाचा अर्जही देऊन टाकणे सोयीचे पडते.

कागदपत्रे थोडीच लागतात: सभासदत्वाचा अर्ज, वर्गणीची पावती, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, छायाचित्र, आणि निवड झाल्यावर पद स्वीकारत असल्याचे सहीचे संमतीपत्र. बँकेच्या व्यवहारावर सही करणार असाल तर पॅन कार्डही जवळ ठेवावे.

निवडीनंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच मागे पडतो. अशी संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेली असते, म्हणून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ नुसार समितीतील बदलाची माहिती, म्हणजे ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात तो बदल अर्ज, ९० दिवसांच्या आत नागपूरच्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात द्यावा लागतो. त्यासोबत सभेची सूचना, इतिवृत्त, उपस्थितांच्या सह्या, जाणाऱ्यांचे राजीनामे आणि येणाऱ्यांची संमतीपत्रे जोडावी लागतात.

मी सचिव असताना आमच्या बालवाडीत हा अर्ज वेळेत गेला नाही. जुन्या खजिनदारांची बदली पुण्याला झाली होती आणि बँक नव्या सह्या स्वीकारेना. तो पावसाळाभर प्रत्येक चेक कुरियरने पुण्याला जायचा आणि सही होऊन परत यायचा. मदतनीस ताईंचे मानधन त्यामुळे दोनदा रखडले. त्यांनी एका शब्दाने विचारले नाही, आणि तेच मला आजही लागून राहिले आहे. त्या वेळी समितीत कागदांचा पाठपुरावा करणारा एक जरी पालक असता, तरी हे टळले असते.

म्हणून नव्या पालक सदस्यांनी सभेच्या दिवशीच इतिवृत्त पूर्ण लिहून घ्यावे आणि उपस्थितांच्या सह्या तिथेच घ्याव्यात; नंतर घरोघरी सह्या गोळा करत फिरणे जिकिरीचे होते. अर्ज दाखल केल्याची पोच व त्याचा क्रमांक सचिवांकडे आणि आणखी एका सदस्याकडे असावा. बदल मंजूर झाल्याचा आदेश मिळाल्यावर परिशिष्ट १ चा, म्हणजे न्यासाच्या नोंदवहीतील ज्या नोंदीत समितीची नावे असतात तिचा, प्रमाणित उतारा काढून घ्यावा आणि समितीच्या ठरावासह तो बँकेत द्यावा.